उद्याचा अंक प्रसिद्ध होणार नाही

वर्तमानपत्रं बंद पडणार आहेत, ही गोष्ट पुणेकरांना वर्तमानपत्रातूनच कळली. कुठल्याशा रविवार पुरवणीत छापील माध्यमांच्या भवितव्यावर लेख होता. ज्यांनी तो वाचला त्यांतल्या बऱ्याच जणांनी शेजाऱ्याचा अंक आणून वाचला आणि परत देताना ‘लेख बरा आहे, पण जरा लांबलाय’ असा शेराही मारला. छापील माध्यमांचं भवितव्य खरं तर इथेच सांगून झालं. पण विनोदी लेखालाही ठरावीक पानं भरून द्यावी लागतात, म्हणून पुढे जातो.

पुण्यात पेपर घेणारे आणि पेपर वाचणारे हे दोन निराळे समाज आहेत. घेणारा सकाळी दार उघडून अंक आत घेतो, मथळे पाहतो आणि आंघोळीला जातो. तो आत गेला की वाचणारा येतो. “काका, झाला का पेपर?” असं तो विचारतो, पण उत्तराची वाट पाहत नाही; हात आधीच टीपॉयकडे गेलेला असतो. मग मुख्य अंक वरच्या मजल्यावर, पुरवणी समोरच्या ब्लॉकमध्ये, खेळाचं पान कुणाच्या तरी संडासात, असा फिरत फिरत पेपर दुपारी घरी परततो. त्यातलं शब्दकोडं कुणी पेनाने सोडवून ठेवलेलं असलं तर दोन घरांतले संबंध संक्रांतीपर्यंत ताणलेले राहतात. चुकीचं सोडवलेलं असलं तर त्यापुढच्या संक्रांतीपर्यंत.

या प्रथेला इतिहासाचा भक्कम आधार आहे. पुणे नगर वाचन मंदिर ही संस्था १८४८ सालची. पुण्याचं नाव घेण्याजोगं पहिलं मोठं वर्तमानपत्र म्हणजे ‘ज्ञानप्रकाश’, ते निघालं १२ फेब्रुवारी १८४९ला. म्हणजे दुसऱ्याने घेतलेला अंक वाचायची सोय इथे आधी झाली, अंक मागून आला. पुढची पावणेदोनशे वर्षं आपण हा क्रम कटाक्षाने पाळला.

आता मुद्द्याची गोष्ट. बाहेरगावचा माणूस पेपर वाचतो तो काय घडलं ते कळावं म्हणून. पुणेकर पेपर वाचतो तो काय चुकलं ते सापडावं म्हणून. तो स्वतःला वाचक समजत नाही, ग्राहक तर मुळीच नाही. तो पेपरचा पर्यवेक्षक असतो. तिसऱ्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाची चूक, पाचव्यावर फोटोखालची नावं उलटी, सातव्यावर कुणा गायकाचं घराणं भलतंच. एवढा ऐवज हाती लागला की त्याचा दिवस सार्थकी लागतो. ज्या दिवशी अंकात एकही चूक सापडत नाही त्या दिवशी त्याला वाटतं, आपली नजर कमी झाली; मोतीबिंदूची तपासणी करून घ्यायला हवी.

चूक सापडली की ती सांगायची कुठे, याचीही उत्तम व्यवस्था होती. ‘केसरी’ नारायण पेठेत गायकवाड वाड्यात, ‘सकाळ’ बुधवार पेठेत. चपला घालून, छत्री काखोटीला मारून माणूस चालत जाऊन संपादक खात्यात उभा राहू शकत होता. तिथे एखादा उपसंपादक तारांच्या ढिगाऱ्यात मान खाली घालून बसलेला असे. त्याला सगळं ऐकवून, वर ‘पूर्वीसारखं आता राहिलं नाही’ हेही सुनावून माणूस मंडईतून भाजी घेऊन घरी येई. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. जगात कुठल्या धंद्यात गिऱ्हाईक थेट कारखान्यात शिरून मालाचं व्याकरण तपासत असेल?

ज्यांना चालवत नसे ते पत्र लिहीत. ‘महोदय, आपल्या लोकप्रिय दैनिकाद्वारे मी संबंधितांचे लक्ष वेधू इच्छितो.’ हे संबंधित कोण, ते आजतागायत सापडलेले नाहीत. पण त्यांचं लक्ष वेधण्यात पुण्याच्या तीन पिढ्या गेल्या. पथदिवा, बसथांबा, पाण्याची वेळ, फटाके आणि गणपतीतले स्पीकर हे विषय ठरलेले. चारशे शब्दांचं पत्र साठ शब्दांत छापून येई. मग पत्र का कापलं याबद्दल दुसरं पत्र जाई, आणि तेही कापून छापलं जाई. पुढे ‘सकाळ’ने ‘मुक्तपीठ’ काढून सामान्य वाचकाला ऐसपैस जागा दिली आणि मुलाकडे अमेरिकेत जाऊन आलेल्या आईवडिलांची मोठी सोय झाली. तिथले रस्ते, तिथली शिस्त आणि तिथे न मिळणारी कोथिंबीर यांवर इथे जेवढं लिहिलं गेलं, तेवढं तिथेही कुणी लिहिलं नसेल.

पुण्यातलं वर्तमानपत्र मुळात जन्मालाच आलं ते भांडायला. ‘केसरी’ निघाला ४ जानेवारी १८८१ला. पहिले संपादक आगरकर. दीडएक वर्षात कोल्हापूरच्या दिवाणांच्या प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघेही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले. संपादक आणि चालक एकाच वेळी आत, तरी पेपर चालू. पुढे दोघा मित्रांचं आपसांत पटेना, तेव्हा आगरकरांनी १८८८मध्ये ‘सुधारक’ काढला. मतभेद झाला की नवं पत्र काढायचं, ही तेव्हाची रीत. शिवरामपंत परांजप्यांनी ‘काळ’ काढला, भोपटकरांनी ‘भाला’, त्याही आधी कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधु’. आता मतभेद झाला की माणूस ग्रुप सोडतो. पूर्वी ‘लेफ्ट’ एवढी तरी नोंद सगळ्यांना दिसायची. अग्रलेख नाही, प्रत्युत्तर नाही, पुढच्या पिढीला पीएच.डी.साठी काही म्हणजे काही नाही.

सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असं टिळकांनी ‘केसरी’तून विचारलं ते १८९७च्या जुलैत. त्याच वर्षी त्यांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. सरकार ‘केसरी’ ओळ न् ओळ वाचत होतं, याचा याहून चांगला पुरावा मिळायचा नाही. आज हाच प्रश्न आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात विचारला जातो. उत्तरादाखल दोन जोडलेल्या हातांचं अंगठ्याएवढं चित्र येतं आणि खाली कुणीतरी सुप्रभात म्हणतं.

भांडणाबरोबर व्यवहारही छापायचा असतो, हे ओळखलं नानासाहेब परुळेकरांनी. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाने १ जानेवारी १९३२ला ‘सकाळ’ काढला. पेठेत राहणाऱ्या माणसाला इंग्लंडच्या पंतप्रधानाइतकंच मंडईतल्या वांग्यांविषयीही कुतूहल असतं, हे त्यांच्या लक्षात आलं. गावातली बातमी, बाजारभाव, नगरपालिका यांना पानात मानाची जागा मिळाली. ‘केसरी’ला मात्र घाई नव्हती, साप्ताहिक म्हणून जन्मलेल्या या पत्राने दैनिक व्हायला ऐंशीएक वर्षं घेतली. पुण्यात एवढा वेळ साधारण लागतोच.

इतकं सगळं असून पेपर मरत गेले, आणि पुणेकराने प्रत्येक वेळी तेरावं झाल्यावर रडायला सुरुवात केली. आपल्याकडे कुठलीही गोष्ट बंद पडल्याशिवाय तिचं मोठेपण कळत नाही. भानुविलास थिएटर चालू होतं तेव्हा तिथल्या खुर्च्यांना नावं ठेवली; डेक्कनचं ‘लकी’ चालू होतं तेव्हा तिथल्या चहाला. दोन्ही गेली, आणि दोन्हींवर हळवे लेख आले. पेपरचंही तेच. ‘ज्ञानप्रकाश’ शंभरी ओलांडून १९५१ साली थांबला. काँग्रेसच्या विचारांचा ‘विशाल सह्याद्री’ गेला, संघाच्या विचारांचा पुण्याचा ‘तरुण भारत’ही गेला, विचारसरण्या दोन टोकांच्या, रद्दीचा भाव एकच. कॅम्पातल्या मंडळींचा ‘पूना हेरल्ड’ पुढे ‘महाराष्ट्र हेरल्ड’ झाला, २००८मध्ये त्याचा ‘सकाळ टाइम्स’ झाला आणि २०२०मध्ये तोही छापायचा थांबला. ‘डीएनए’ची पुणे आवृत्ती आली आणि गेली. टाइम्स समूहाने ‘पुणे मिरर’ बंद करत असल्याचं २०२०च्या डिसेंबरात जाहीर केलं.

ते २०२० साल पेपरला फार महागात पडलं. महामारीमुळे एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायला मनाई केली. मग राज्यात बाकी ठिकाणी सूट मिळाली, पण मुंबई-पुण्याला नाही. पुढे अंक सुरू झाले तेव्हा लोकांनी त्यांना दारातच अडवलं. कुणी ते गॅलरीत उन्हात टाकले, कुणी चोवीस तास कोपऱ्यात ठेवून दुसऱ्या दिवशी वाचले, कुणी त्यांना चक्क इस्त्री केली. कडक इस्त्रीचा अग्रलेख मी तेव्हाच पाहिला. मधल्या काळात पहाटे पाचला मोबाइलवर पेपरची आख्खी पीडीएफ येऊ लागली. ती कोण टाकतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण ती यायला सव्वापाच झाले की ग्रुपवर विचारणा होई, “आज पेपर का नाही आला?” फुकटच्या मालाबद्दलही वेळेत तक्रार करायची, हा बाणा आम्ही महामारीतही सोडला नाही. मालकांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. तो इशारा छापलेलं पानसुद्धा पीडीएफनेच फिरलं.

सगळ्यात जास्त फटका बसला तो पेपर टाकणाऱ्यांना. पहाटे साडेचारला अप्पा बळवंत चौकासारख्या ठिकाणी जाऊन पाहा. टेम्पोतून गठ्ठे धपाधप पडतात. सुतळी ब्लेडने कापायची, वरचा फाटका अंक बाजूला काढायचा आणि फुटपाथवर मांडी घालून पुरवण्या भरायला बसायचं. डाव्या हाताने मुख्य अंक उघडायचा, उजव्याने पुरवणी सरकवायची, आणि दोन्हींच्या मध्ये जिमचं, क्लासचं, गुडघेदुखीवरच्या तेलाचं हँडबिल. ही हालचाल इतकी भराभर चालते की बघणाऱ्याचा चहा थंड होतो. पावसाळा असला तर वर प्लॅस्टिक. मग सायकलला किंवा स्कूटरला पिशव्या लटकवून जो तो आपापल्या लाईनला निघतो. कुणाची कोथरूडची लाईन, कुणाची सहकारनगरची. कुठल्या दाराला कुठला पेपर, कुणाला फक्त रविवारचा, कुणाचा गावाला गेल्यामुळे बंद, हे सगळं डोक्यात. लिहून काही नाही.

आमच्याकडे पेपर टाकणाऱ्या मामांना मी एकदा विचारलं, “कशी काय चाललीय लाईन?”

“लाईन कसली साहेब, दात पडलेला कंगवा झालाय. पूर्वी तुमच्या बिल्डिंगीचे पेपर एका हातात मावायचे नाहीत. आता सात जातात.” ते जरा थांबले. “जिने मात्र तेवढेच राह्यलेत.”

पूर्वी कॉलेजात शिकणारी पोरं सकाळी लाईन टाकून फीचे पैसे काढत. अब्दुल कलामांनीही लहानपणी रामेश्वरमला वर्तमानपत्रं वाटली होती. त्यांच्या जन्मदिवशी, १५ ऑक्टोबरला, आपण वाचन प्रेरणा दिन पाळतो. आता कॉलेजातली पोरं पाठीला चौकोनी पिशवी लावून रात्री बारापर्यंत बिर्याणी पोचवतात. त्यांचंही बरोबर आहे. बिर्याणी शेजाऱ्याकडून मागून आणता येत नाही.

महिनाअखेरीचं पेपरचं बिल हा मराठी मध्यमवर्गाच्या हिशेबीपणाचा कळस आहे. हातावर मावेल एवढा गुलाबी कागद. त्यावर आकडा. ज्या घरात मोबाइलला, इंटरनेटला, चार-चार ओटीटींना महिन्याला किती जातात हे कुणी पाहत नाही, त्या घरात हा कागद चष्मा लावून तपासला जातो. “सोळा ऑगस्टला पेपर नव्हता. तो धरलाय का तुम्ही?” मामा बिचारे एक दिवस वजा करतात. “आणि सत्तावीस जानेवारीचा राहिला होता बघा.” तेव्हा चालू असतो सप्टेंबर.

या सुट्यांच्या आदल्या दिवशी पहिल्या पानावर तळाला एक चौकट असते: कार्यालयास सुटी असल्याने उद्याचा अंक प्रसिद्ध होणार नाही. पूर्वी ही चौकट वाचून घरोघरी सुतकी कळा येई. दुसऱ्या दिवशी चहा घशाखाली उतरत नसे. वडीलधारी माणसं सवयीने दार उघडून पाहत, रिकाम्या उंबऱ्याकडे पाहून दार लावत आणि मग आदल्या दिवशीच्या अंकातल्या निविदा सूचना वाचत बसत. आता कित्येक घरांत सोळा ऑगस्टला पेपर आला नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. खरी मरणाची खबर तीच. कारखाना बंद पडायच्या आधी गिऱ्हाइकाची सवय बंद पडते.

पेपर जगतो कशावर, हेही सांगायला हवं. अंकाच्या किमतीत कागदाचाही खर्च निघत नाही. जगतो तो जाहिरातींवर. पूर्वी छोट्या जाहिराती म्हणजे शहराचा खरा आरसा असे. ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’, ‘वधू गृहकृत्यदक्ष हवी, नोकरी करणारी चालेल’, ‘हार्मोनियम विकणे, पाहून खात्री करावी’. ही सगळी पानं उठून मोबाइलमध्ये गेली. जागा एका ॲपवर, लग्न दुसऱ्यावर, हार्मोनियम तिसऱ्यावर. उरले बिल्डर आणि क्लासवाले. पाडव्याच्या दिवशी पहिलं पान उघडावं तर बिल्डर, दुसरं उघडावं तर बिल्डर, तिसऱ्यावर सराफ. पंतप्रधान पाचव्या पानावर भेटतात. निसर्गाच्या कुशीत घर घ्या, असं सांगणाऱ्या त्या चकचकीत कागदासाठी कुठल्या निसर्गाच्या कुशीतली झाडं गेली, हे मात्र छापत नाहीत. दहावी-बारावीचे निकाल लागले की क्लासवाल्यांचं पान: शंभर मुलांचे फोटो, आणि त्यांतली काही मुलं दुसऱ्या क्लासच्या पानावरही त्याच शर्टात.

एक जाहिरात मात्र कायद्याने जिवंत ठेवली आहे. जाहीर नोटीस! ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ असं म्हणून ती सुरू होते आणि चतुःसीमा सांगत संपते. जमीन संपादन करायची तर २०१३चा कायदा म्हणतो, त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत सूचना छापा, त्यांतलं एक प्रादेशिक भाषेतलं हवं. त्यामुळे काही पेपर असे आहेत की जे तमाम लोकांना कळवतात, पण तमाम लोकांनी ते कधी पाहिलेले नसतात. ज्याची जमीन जाते त्याला सोडून सगळ्यांना रीतसर कळलेलं असतं. हसू नका, याच नोटिशींच्या आधारावर व्हिएन्नाचं ‘वीनर त्साइटुंग’ हे १७०३ साली सुरू झालेलं पत्र तगून होतं. कंपन्यांनी त्यात सूचना छापल्याच पाहिजेत, ही सक्ती सरकारने उठवली आणि ३० जून २०२३ला त्याचा शेवटचा दैनिक अंक छापला गेला. तीनशे वीस वर्षं! त्याने मोझार्टचा काळ पाहिला, नेपोलियन पाहिला, दोन महायुद्धं पाहिली आणि एका कायद्याने घात केला. आमच्याकडे हे घडलं असतं तर पहिली प्रतिक्रिया आली असती, ‘तरी मी म्हणतच होतो, हल्ली मुद्रितशोधन बरोबर होत नव्हतं.’

पेपर बंद केलेल्या घरांत अडचण येते ती बातमीची नाही, रद्दीची. देवगडहून आंब्याची पेटी येते आणि पिकत घालायला कागद नसतो. फळीवर अंथरायला नाही, काच पुसायला नाही, मुलांना शाळेतून सांगितलेल्या चिकटकामाला नाही. मग ज्या शेजाऱ्याकडे पूर्वी ताजा पेपर मागत होते, त्याच्याकडेच शिळा मागायला जातात. जुने पेपर किलोवर ऑनलाइनही मिळतात. आजची बातमी फुकट हवी आणि मागच्या वर्षीची पैसे मोजून, असा हा उफराटा बाजार. भेळवाल्याकडे मात्र आता कागद बंद. शाई पोटात जाते म्हणून अन्नसुरक्षा खात्याने खाद्यपदार्थ छापील कागदात बांधायला मनाई केली आहे. आरोग्याच्या दृष्टीने योग्यच. पण भेळ संपता संपता हाती येणारी ती अर्धवट बातमी गेली. ‘आणि पाहतो तो काय, कपाटात’ इथे कागद फाटलेला असायचा. कपाटात काय होतं याचा विचार करत माणूस सारसबागेपासून घरापर्यंत चालत यायचा.

फोनवरच्या बातमीला असं फाटणं ठाऊक नाही. तिला शेवटच नाही. पेपर सोळाव्या पानावर संपायचा. जगातल्या कटकटी आजच्यापुरत्या आटोपल्या, असं समाधान मिळायचं. फोन सरकवत राहा, तो कटकटी काढतच राहतो. शिवाय तो आपल्या आवडीचंच दाखवतो. पेपरात क्रिकेटचा धावफलक शोधताना वाटेत माण-खटावचा दुष्काळ लागायचा, इच्छा नसली तरी दोन ओळी डोळ्यांखालून जायच्या. आता ज्याला क्रिकेट आवडतं त्याच्या जगात कुठे दुष्काळच पडत नाही. आणि ज्याला तक्रारी आवडतात, म्हणजे तुम्ही-आम्ही, त्याला फोन दिवसभर तक्रारीच पुरवतो. पूर्वी त्या शोधून काढाव्या लागत. त्यात काही कर्तृत्व होतं.

निधनवार्तेचंच घ्या. पेपरात अंगठ्याएवढा फोटो आणि चार ओळी आल्याशिवाय पुण्यात माणूस अधिकृतपणे गेला असं धरत नसत. पोक्त मंडळी पेपर उघडत तीच त्या पानापासून. ओळखीचं कुणी नसलं की निवांतपणे राजकारणाकडे वळत. मोबाइलवर भावपूर्ण श्रद्धांजली हयात माणसांनाही वाहिली जाते. एखाद्या वयोवृद्ध नटाला त्याची स्वतःची वार्ता नातवाच्या फोनवर वाचायला मिळते. संध्याकाळपर्यंत खुलासा येतो. तोपर्यंत निम्म्या गावाने त्याच्या आठवणी लिहिलेल्या असतात. पेपरने चूक केली तर दुसऱ्या दिवशी दिलगिरीची चौकट यायची, आणि ती छापून आणणारा पुणेकर तिचं कात्रण पाकिटात ठेवायचा. फॉरवर्डची दिलगिरी कुणी मागायची आणि कुणाकडे?

आता थोडं गंभीर. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि त्यापुढे तीन वर्षांहून जास्त काळ शहराला नगरसेवकच नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती. त्या काळात खड्ड्याबद्दल, कचऱ्याबद्दल, नदीकाठच्या झाडांबद्दल कुणाला विचारायचं? महापालिका भवनाच्या जिन्यात उभा राहून हा प्रश्न रोज विचारणारा एक प्राणी होता: महापालिकेची बीट सांभाळणारा बातमीदार. कुठली निविदा कितव्यांदा निघाली, कुठला रस्ता कितव्यांदा खणला, कुठली फाईल कुणाच्या टेबलावर झोपली, हे त्याला पेपर टाकणाऱ्या मामांसारखंच तोंडपाठ असतं. त्याला पगार मिळतो तो तुमच्या-आमच्या अंकाच्या खपातून आणि त्या खपाकडे पाहून येणाऱ्या जाहिरातींतून. तो घरी बसला तर बातम्या येतच राहतील, पण त्या महापालिकाच पाठवेल, फोटोसकट. त्यात खड्डा नसेल. खड्डा बुजवल्याचा सोहळा असेल.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. ज्यांना पेपर वाचायचाच नाही त्यांना आग्रह नाही. पण जो रोज वाचतो, चुका काढतो आणि संपादकाला अक्कल शिकवतो, त्याने तो स्वतःच्या पैशाने घ्यावा. रोजचा अंक अमृततुल्यातल्या एका कटिंगपेक्षा स्वस्त पडतो. बिल आलं की सुटीच्या दिवसांचे पैसे कापू नयेत. सात अंकांसाठी सगळे जिने चढणाऱ्या माणसाला तेवढं द्यायला हरकत नाही. नावं ठेवायची तर खुशाल ठेवावीत, तो आपला हक्कच आहे. मात्र नावं ठेवायला उद्या पेपर हवा असेल, तर आज तो विकत घ्यावा लागेल.